निवासी शिबिराची सुरक्षा-योजना: पत्रक छापण्याआधीपासून मुलं घरी पोचेपर्यंत

उन्हाळी आणि दिवाळी शिबिरांच्या सुरक्षा-योजना बहुतेक ठिकाणी उलट्या क्रमाने बनतात. आधी तारखा ठरतात, मग पत्रक छापलं जातं, शुल्क जमा होतं, बस ठरते आणि शेवटच्या आठवड्यात कोणीतरी जाऊन प्रथमोपचार पेटी आणतं. तोवर जागा, माणसं आणि कार्यक्रम पक्के झालेले असतात. धोका दिसला तरी बदलता येण्यासारखं फारसं काही उरत नाही. मग योजनेच्या कागदावर "योग्य ती काळजी घ्यावी" एवढंच लिहून होतं.

खालचा क्रम शाळा, मंडळं, गिर्यारोहण संस्था आणि गावोगावी शिबिरं घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू: १० ते १५ वयाची ६० मुलं-मुली, मे महिना, पाच दिवसांचा मुक्काम, मावळ-मुळशी पट्ट्यात एका किल्ल्याच्या पायथ्याशी, आणि चालत जाता येईल इतक्या अंतरावर धरणाचं पाणी.

## टप्पा १: जागा दोनदा पाहा, त्यातली एकदा रात्री

हे काम पत्रकाच्या आधीचं. जागा पाहायला जाणारे बहुतेक जण सकाळी निघतात, मालकाबरोबर चहा घेतात, खोल्या आणि संडास मोजतात आणि दुपारी परततात. शिबिरातले अवघड प्रसंग मात्र अंधारात आणि मालक गावाला गेलेला असताना येतात. म्हणून एक मुक्काम तिथेच करा.

दिवसा हे पाहा:

- विहीर, शेततळं, पाण्याची टाकी, गच्ची. कठडा किती उंच आहे? दहा वर्षांचं मूल त्यावर चढून बसेल का? शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, म्हणून त्याभोवती कुंपण नसेल तर ती जागा बाद करा.
- विजेचं फिटिंग. ओल्या न्हाणीघरातला हीटर, उघडी वायर, अर्थिंग नसलेला कूलर. गावातल्या वायरमनला बरोबर नेऊन दाखवा.
- झोपायच्या जागेजवळचे दगडांचे ढीग, लाकडं, गवताच्या गंजी, धान्याची खोली. उंदीर असतील तिथे साप येतो.
- झाडांवर, कड्यावर आणि पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ.
- बस थेट आत येते का? येत नसेल, तर स्ट्रेचरवरून मूल किती चालत न्यावं लागेल?

रात्री हे पाहा: कुठल्या कंपनीचं सिम कुठे उभं राहिल्यावर लागतं, वीज गेल्यावर संडासाची वाट दिसते का, फाटकाला कुलूप असतं का आणि त्याची किल्ली कोणाकडे असते.

याच मुक्कामात रात्री गाडी काढून जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयापर्यंत जा आणि वेळ लिहून ठेवा. नकाशा जो वेळ दाखवतो त्यात घाटातलं धुकं आणि बंद फाटक धरलेलं नसतं. तिथे पोचल्यावर नम्रपणे चार प्रश्न विचारा. रात्री डॉक्टर हजर असतात का? सर्पदंशाची लस आत्ता साठ्यात आहे का? लहान मुलांसाठी व्हेंटिलेटर इथे आहे का? नसेल, तर पुढे कुठे पाठवता? या उत्तरांवरून एक गोष्ट आधीच ठरवता येते: कुठल्या आजारासाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं आणि कुठल्यासाठी थेट मोठ्या रुग्णालयात.

परवानग्यांचंही आताच पाहा. जागा वनहद्दीत असेल तर वनविभाग, एरवी ग्रामपंचायत, आणि पोलीस ठाण्याला लेखी माहिती. अनेक संरक्षित किल्ल्यांवर मुक्कामाला मनाई आहे. प्रस्तरारोहण, रॅपलिंग, झिपलाइन असे प्रकार बाहेरची संस्था घेणार असेल, तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार तिची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का ते पाहा. प्रमाणपत्राची प्रत मागा, नुसत्या "हो, आहे" वर थांबू नका.

पडताळणी: रात्रीच्या वेळी तज्ज्ञ डॉक्टरपर्यंत पोचायला तासाहून जास्त लागत असेल, तर या वयाच्या मुलांसाठी दुसरी जागा शोधा. नियमाच्या पुस्तकातली ही मर्यादा नाही, माझी आहे. पण विंचू, साप आणि दमा या तिन्हींत पहिला तासच मोलाचा असतो.

## टप्पा २: धोक्यांची यादी अशी लिहा की काम झालं की नाही ते डोळ्यांना दिसेल

एका मोठ्या कागदावर पाच रकाने आखा: धोका काय, कुठे आणि केव्हा, काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत. गुण देण्याची किचकट कोष्टकं लागत नाहीत. क्रम लावायला दोन प्रश्न पुरतात: यात मूल दगावू शकतं का? आणि हे आपल्या जागी घडण्याजोगं आहे का? दोन्हींची उत्तरं "हो" असतील ते धोके वरती घ्या.

बहुतेकांची चूक तिसऱ्या रकान्यात होते. "लक्ष ठेवणे", "सूचना देणे", "दक्षता घेणे" ही उपाययोजना होत नाही, कारण ती झाली की नाही हे कोणालाच तपासता येत नाही. दोन ओळी शेजारी ठेवून पाहा:

- चुकीची: विहिरीजवळ मुलांना जाऊ देऊ नये.
- बरोबर: विहिरीभोवती पाच फुटी बांबूचं कुंपण, फळीला कुलूप, किल्ली शिबिरप्रमुखाकडे. मुलं येण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत. जबाबदारी व्यवस्था-प्रमुखाची.

- चुकीची: सापांपासून सावध राहावे.
- बरोबर: सगळ्यांना खाट, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. रात्री साडेनऊला गटनायक प्रत्येक मच्छरदाणी हात लावून तपासेल. संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा. बॅटरीशिवाय कोणी बाहेर पडणार नाही.

दुसरी जोडी मुद्दाम घेतली आहे. महाराष्ट्रातले चार प्रमुख विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यांतला मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश बऱ्याचदा दुखत नाही, दातांच्या खुणाही नीट दिसत नाहीत. पहाटे मूल "पोटात दुखतंय", "डोळे उघडत नाहीत" म्हणू लागतं आणि शिबिरातली मोठी माणसं अपचनाची गोळी देतात. सतरंज्या अंथरून एका ओळीत झोपण्याची शिबिराची जुनी पद्धत या एका कारणासाठी सोडावी, असं मला कळकळीने वाटतं. खाटांचं भाडं परवडत नसेल तर शिबिराचा एक दिवस कमी करा.

## टप्पा ३: माणसं मोजा, आणि चार माणसं मोकळी ठेवा

साठ मुलांचे आठ गट करा, सात-आठ मुलांचा एक. प्रत्येक गटाला एक प्रौढ गटनायक. मुलींच्या गटांना ताई. कॉलेजची मुलं मदतनीस म्हणून उत्तम असतात, पण गटनायकांच्या मोजणीत त्यांना धरू नका.

इथवर बहुतेक संस्था नीट करतात. घोटाळा पुढे होतो. एका मुलाला रात्री दवाखान्यात न्यायचं झालं की दोन प्रौढ त्याच्याबरोबर जातात आणि मागे दोन गट पोरके होतात. म्हणून आठ गटनायकांखेरीज चार माणसं अशी ठेवा ज्यांच्याकडे गटच नाही:

1. शिबिरप्रमुख. कार्यक्रम थांबवण्याचा अंतिम शब्द याचा.
2. प्रथमोपचारक. प्रशिक्षण घेतलेला, आणि पाचही दिवस मुक्कामी.
3. स्वयंपाक आणि पाणी पाहणारा.
4. गाडी आणि संपर्क सांभाळणारा. बस परत गेली तरी एक चारचाकी चोवीस तास जागेवर हवी: तोंड बाहेरच्या दिशेने, टाकी भरलेली, किल्ली ठरलेल्या खिळ्यावर.

शिबिरप्रमुखाचा उपप्रमुखही आधीच ठरवा आणि सगळ्यांना सांगा. प्रमुख स्वतः आजारी पडला तर निर्णय कोणाचा, यावर प्रसंगाच्या वेळी चर्चा नको.

### मुलांची लैंगिक सुरक्षा

हा भाग लाजेपोटी वगळला जातो. तो लेखी हवा आणि प्रत्येक कार्यकर्त्याची त्याखाली सही हवी.

- एकट्या मुलाबरोबर एकटा प्रौढ बंद जागेत थांबणार नाही. मूल आजारी असलं तरी दार उघडं आणि दुसरा प्रौढ नजरेच्या टप्प्यात.
- मुलांच्या तंबूत किंवा एका अंथरुणावर प्रौढ झोपणार नाही. आंघोळ आणि कपडे बदलण्याच्या जागा वेगळ्या, दाराला आतून कडी.
- फोटो फक्त ठरवलेली व्यक्ती काढेल. आंघोळीच्या आणि झोपण्याच्या जागी कोणाचाच फोन बाहेर निघणार नाही.
- स्वयंपाकी, चालक, प्रशिक्षक आणि जागेचे नोकर यांनाही हेच नियम.
- मुलांना पहिल्याच संध्याकाळी सांगा की नको वाटेल असा स्पर्श किंवा बोलणं झालं तर या दोन माणसांपैकी कोणालाही सांगायचं. त्यांत एक ताई हवी. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

सावधान: तक्रार आली तर "आधी आपण आपसात चौकशी करू" हा मार्ग कायद्याने बंद आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नका. जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहा आणि कळवा.

## टप्पा ४: पालकांकडून फॉर्म घ्या, आणि मग फोन करा

फॉर्ममध्ये हवं ते असं: वजन, रक्तगट, ॲलर्जी (औषध, खाणं, मधमाशी), दमा, फिट, हृदयाचा आजार, मधुमेह, चालू औषधं आणि त्यांच्या वेळा, धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन, पोहता येतं का, रात्री उचलणारे दोन फोन क्रमांक, आणि आणीबाणीत उपचार करण्यास संमती. वजन विसरू नका, मुलांच्या बहुतेक औषधांचा डोस त्यावर ठरतो.

फॉर्म भरून आला म्हणजे माहिती मिळाली, असं समजू नका. "शिबिराला घेणार नाहीत" या भीतीने फिट येण्याचा इतिहास लपवला जातो. अंथरूण ओलं होणं लाजेने लपवलं जातं. म्हणून गटनायकाने आपल्या सात-आठ पालकांना फोन करावा आणि मोकळेपणाने विचारावं: रात्री काही त्रास होतो का? कशाला फार घाबरतो का? गेल्या महिन्यात कुठलं औषध घेतलं? मुलींच्या पालकांशी ताईने पाळीबद्दल बोलावं, पहिली पाळी शिबिरात येऊ शकते हेही धरून. अशा फोनवर कळलेली माहिती कागदावरच्या माहितीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

औषधं मुलांच्या बॅगेत राहू देऊ नका. नाव लिहिलेल्या पिशवीतून प्रथमोपचारकाकडे घ्या. अपवाद दम्याच्या पंपाचा: तो मुलाच्या खिशात किंवा गटनायकाच्या पाठपिशवीत, कायम हाताशी.

अपघात विमा काढला असेल तर पॉलिसीतल्या वगळलेल्या गोष्टी वाचा. साहसी उपक्रम बऱ्याचदा त्यात असतात.

## टप्पा ५: आता कार्यक्रम आखा, आणि थांबण्याच्या अटी आकड्यांत लिहा

वेळापत्रक पाचव्या टप्प्यावर येतं, कारण कोणती जागा, किती माणसं आणि कशी मुलं हे कळल्याशिवाय ते आखता येत नाही.

प्रत्येक बाहेरच्या उपक्रमाखाली एक ओळ लिहा: "कधी थांबायचं." प्रसंगाच्या वेळी मुलांचा हिरमोड, पालकांचे पैसे, "इथवर आलोच आहोत" अशा दहा गोष्टी निर्णयावर दाब आणतात. आधी लिहिलेली अट हा दाब झेलते.

किल्ला. पहाटे निघायचं. सकाळी साडेदहाला जिथे असाल तिथून परत फिरायचं, माथा पन्नास पावलांवर असला तरी. मे महिन्यात सह्याद्रीचा कातळ अकरानंतर तापतो आणि सावली नसते. माणशी दोन लिटर पाणी निघतानाच तपासा. पुढे एक, मागे एक, आणि मागच्याच्या मागे कोणी राहणार नाही. खोदीव टाक्यांच्या कडा शेवाळलेल्या असतात, आतून उभ्या असतात, पडलेल्याला धरायला काही नसतं. पाणी भरायचं तर प्रौढाने, दोराला बांधलेल्या भांड्याने. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा यांनी आग्या मोहोळ उठतं. उठलंच तर तोंड झाकून लांब पळायचं, हात झटकायचे नाहीत.

वीज. मेच्या मध्यापासून दुपारनंतर वळवाचा पाऊस येतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, की मैदान, झाड, तंबू, पत्र्याची उघडी शेड सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद बसमध्ये. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं "दामिनी" ॲप गाडी-संपर्क पाहणाऱ्याच्या फोनमध्ये हवंच. पावसाळी शिबिर असेल तर हवामान विभागाचा नारिंगी इशारा म्हणजे डोंगर रद्द, लाल इशारा म्हणजे शिबिरच पुढे.

पाणी. इथे मी सगळ्यांत कठोर आहे. शिबिरांमधले आणि सहलींमधले मोठे मृत्यू पाण्यात झाले आहेत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात बियास नदीच्या पात्रात उभे असलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात क्षमतेपेक्षा जास्त भरलेली बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. तिन्ही ठिकाणची कारणं वेगळी: एकीकडे समुद्र, एकीकडे धरणाचा विसर्ग, एकीकडे बोट. तिन्ही आधी ओळखता येण्याजोगी होती.

धरणाच्या फुगवट्याचं पाणी शांत दिसतं म्हणून फसवतं. खाली बुडालेली भातखाचरं, जुने बांध आणि मूळ नदीचं पात्र असतं. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल डोक्यावरून जाणाऱ्या पाण्यात पडतं. तळाला पाय रुतवणारा गाळ असतो. म्हणून नियम असा: धरण, नदी, ओढा, धबधबा, समुद्र यांत उतरणं कार्यक्रमात नाही. "फक्त पाय बुडवू" हेही नाही. पोहणं शिकवायचंच असेल तर जीवरक्षक असलेल्या तरणतलावावर न्या. बोटीत बसायचं असेल तर लाइफ जॅकेट अंगात, पट्टे आवळलेले, मग पाऊल बोटीत. नावाडी "आपलं रोजचंच आहे" म्हणाला तर परत फिरा. काठावर जायची वेळ आलीच तर लांब दोर आणि हवा भरलेली ट्यूब बरोबर हवी, कारण बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारणारा दुसरा बळी ठरतो.

शेकोटी. फेब्रुवारी ते मे डोंगरउतारावरचं गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीने वणवा लागतो. चहूबाजूंनी झाडून काढलेलं मोकळं अंगण, दोन बादल्या पाणी, एक घमेलं वाळू. रॉकेल किंवा पेट्रोल ओतून पेटवायचं नाही. विझवल्यावर राखेत हात घालता आला पाहिजे.

पडताळणी: वेळापत्रक घेऊन बसा आणि प्रत्येक तासापुढे विचारा, "या वेळी ६० मुलं कोणाच्या नजरेत आहेत?" आंघोळ, जेवणानंतरची सुट्टी आणि बसची वाट पाहणं या वेळांपुढे सहसा नाव नसतं. मोठ्या उपक्रमांपेक्षा इथेच मुलं हरवतात.

## टप्पा ६: पाणी, जेवण आणि पेटी

टँकरचं किंवा विहिरीचं पाणी असेल तर ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडून टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकून घ्या. अर्धा तास थांबा, मग ओटी टेस्ट करून क्लोरीन उरलंय का ते पाहा. रोज सकाळी पाहा, कारण टाकी रोज भरली जाते. संडासाबाहेर आणि जेवणाच्या जागेबाहेर साबण आणि वाहतं पाणी ठेवा.

दुपारचा भात संध्याकाळी फोडणी देऊन वाढायचा नाही, मेच्या उकाड्यात तर मुळीच नाही. दुधाची मिठाई, पनीर, बाहेरची चटणी टाळा. स्वयंपाक्याला जुलाब किंवा हातावर जखम असेल तर त्याला सुट्टी. सिलिंडर बाहेर, शेगडी आत.

प्रथमोपचार पेटीबद्दल लोक सगळ्यांत जास्त विचारतात. मला मात्र ती यादीच्या तळाशी ठेवावीशी वाटते, कारण पेटीने अपघात टळत नाही. ठेवा: निर्जंतुक गॉज, रुंद बँडेज, चिकटपट्टी, कात्री, चिमटा, हातमोजे, थर्मामीटर, ओआरएस, तीन त्रिकोणी पट्ट्या, हातपाय आधाराला बांधायच्या पातळ फळ्या, सॅनिटरी पॅड, बॅटरी. पोटात घ्यायच्या गोळ्या डॉक्टरने लिहून दिलेल्या यादीप्रमाणेच.

सावधान: एक लिटरचं ओआरएस पाकीट ग्लासभर पाण्यात कालवून देण्याची चूक सर्रास होते. घट्ट ओआरएस मुलाला अपाय करतं. लिटरची बाटली मोजून घ्या, पूर्ण पाकीट त्यात टाका, आणि उरलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या.

## टप्पा ७: प्रवास आणि पहिली संध्याकाळ

रात्रीचा प्रवास ठेवू नका. बसची फिटनेस, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना आदल्या दिवशी पाहा, आणीबाणीचं दार स्वतः उघडून बघा. चालक आदल्या रात्री झोपला होता का ते विचारा, आणि शिबिराच्या जागी त्याच्या झोपेची नीट सोय करा. मोजणी चढताना, प्रत्येक थांब्यानंतर आणि उतरताना. "सगळे आले का?" असं ओरडून विचारणं ही मोजणी नव्हे. हातात यादी, नाव पुकारून, तोंड बघून.

पोचल्यावर खेळ सुरू करण्याआधी अर्धा तास यासाठी द्या:

1. जागेची फेरी. कुठे जायचं नाही ते दोरीने आखलेलं दाखवा.
2. शिट्टीचे इशारे. एक लांब म्हणजे लक्ष द्या. तीन लहान, पुन्हा पुन्हा, म्हणजे असेल ते टाकून जमायच्या जागी.
3. जोडीदार ठरवा. जोडीदाराला न सांगता कुठेही जायचं नाही.
4. बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचे, अंथरूण झटकायचं.
5. तीन शिट्ट्या वाजवून एकदा खरंच जमा व्हायला लावा आणि वेळ मोजा.

हीच कवायत रात्री दिवे घालवून पुन्हा करा. मुलांना ती आवडते, आणि कुठला गटनायक आपली मुलं सोडून जनरेटर बघायला धावतो हेही कळतं.

## टप्पा ८: प्रसंग आला तर

हा भाग एका पानावर लिहून प्रत्येक प्रौढाच्या खिशात द्या. क्रमांक: ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, ठरवलेल्या दोन रुग्णालयांचे, पोलीस ठाण्याचे, गावच्या पोलीस पाटलांचे. किल्ल्यावर जाणार असाल तर महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक निघण्याआधी पडताळून लिहा. फोनवर काय सांगायचं तेही छापा: नेमकी जागा, ओळखीची खूण, मुलाचं वय, काय झालं, किती वाजता झालं. घाबरलेला माणूस स्वतःच्या जागेचं नाव विसरतो.

मूल सापडत नाही. जोडीदाराला विचारा. बाकी सगळी मुलं बसवून मोजा. पहिली नजर पाण्याकडे: विहीर, टाकी, काठ. मग संडास, खोल्या, बस, झोपायची जागा. पंधरा मिनिटांत सापडलं नाही तर पोलीस आणि गावकरी, आणि लगेच पालक. "थोडं अजून शोधू" यात संध्याकाळ जाते.

सर्पदंश. मुलाला आडवं ठेवा, चालू देऊ नका. अंगठी, घड्याळ, बांगडी काढा. हातपाय मोडल्यावर बांधतो तसा फळीला बांधा. आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही, मांत्रिक नाही, साप पकडायला जाणं नाही. वेळ लिहा आणि ठरलेल्या रुग्णालयाकडे निघा. रात्री झोपेतून उठून पोटदुखी, पापण्या जड होणं, गिळता न येणं असं काही दिसलं तर दंश दिसो न दिसो, सर्पदंश समजूनच निघा.

विंचू. लाल विंचवाचा दंश मुलांच्या जिवावर बेततो. नुसती वेदना असते तोवर वेळ हातात आहे. दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं दिसलं की ती हृदयावर परिणाम झाल्याची खूण. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या संशोधनामुळे यावर प्रॅझोसिन हे औषध वापरात आलं, आणि ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं. कांदा, चुना लावत बसू नका.

उष्माघात. उन्हात मूल असंबद्ध बोलू लागलं किंवा अंग तापून गळालं तर सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतून वारा घाला आणि मग न्या. गार करणं आधी, गाडी नंतर. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी नको.

मधमाशा. काटे लगेच काढा. ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, अंगभर गांधी, किंवा खूप ठिकाणी दंश: सरळ रुग्णालय.

प्रत्येक प्रसंगात दोघं मुलाबरोबर जातील, त्याचा फॉर्म सोबत नेतील. उपप्रमुख उरलेल्या मुलांची मोजणी करून त्यांना एका जागी कामात गुंतवेल. त्या मुलाच्या पालकांना शिबिरप्रमुख स्वतः फोन करेल: काय झालं, आता मूल कसं आहे, कुठे नेतोय, सोबत कोण आहे. अंदाज सांगायचे नाहीत, "काही नाही झालं" असंही म्हणायचं नाही. व्हॉट्सॲप गटावर संदेश त्या पालकांशी बोलणं झाल्यावरच, एकाच व्यक्तीने, मुलाचं नाव न घेता.

## टप्पा ९: रोजची बैठक आणि शिबिरानंतरचा आठवडा

रोज रात्री मुलं झोपल्यावर पंधरा मिनिटं गटनायकांची बैठक घ्या. प्रश्न एकच: आज काय होता होता राहिलं? पाय घसरला पण पडला नाही, मोजणीत एक कमी भरला आणि नंतर संडासातून आला, अर्धा डबा पाणी उरलं नव्हतं. हे वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवसाची यादी तिथेच बदला. सांगणाऱ्याला रागावलात तर दुसऱ्या दिवसापासून कोणी सांगणार नाही.

परतल्यावर प्रत्येक मूल पालकाच्या हाती देऊन सही घ्या. आजाराची माहिती असलेले फॉर्म गठ्ठ्यात पडू देऊ नका: अपघात झालेल्यांचे जपून ठेवा, बाकीचे फाडून टाका.

पालकांना निरोपाच्या वेळी एक छापील चिठ्ठी द्या: पुढच्या दोन आठवड्यांत ताप, जुलाब, कावीळ किंवा अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना सांगा की मूल या तारखांना, या गावात, डोंगर-रानात मुक्कामाला होतं, आणि आम्हालाही कळवा. पावसाळी शिबिरानंतर हे विशेष महत्त्वाचं, कारण लेप्टोस्पायरोसिससारख्या तापात चिखल-पाण्यातल्या वावराची माहिती मिळाली तर डॉक्टर योग्य तपासणी लवकर करतात. गटनायकाने आठव्या दिवशी आपल्या सात-आठ घरी पुन्हा फोन करावा. एकाच गटातल्या दोन मुलांना सारखाच त्रास असेल तर उरलेल्या सगळ्या पालकांना त्याच दिवशी कळवा.